सनदी शाळा आणि काठावरची मुले

आपल्या शाळांच्या बोलीत ‘काठावर पास’ हा एक जुना शब्दप्रयोग आहे. त्यात थोडा विनोद आहे आणि थोडी कणवही आहे. काठावरच्या मुलाला कोणी हात दिला तर तो तरतो. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही तर तो केव्हा निसटला हे शाळेला कळतही नाही. अमेरिकेत गेली तीस-पस्तीस वर्षे अशा मुलांसाठी एक मोठा शैक्षणिक प्रयोग चालू आहे. त्याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत आणि त्याला दूषणे देणारेही तितकेच आहेत. या दोहोंच्या पलीकडे जाऊन, त्या प्रयोगाने काठावरच्या मुलाचे नेमके काय भले केले, एवढाच प्रश्न आज आपण पाहणार आहोत.

या प्रयोगाचे मुख्य क्षेत्र म्हणजे तेथील ‘मिडल स्कूल’, अर्थात मधली शाळा. बहुतेक ठिकाणी तीत सहावी ते आठवी हे वर्ग असतात. काही ठिकाणी पाचवीपासूनच ती सुरू होते. प्राथमिक शाळेत मूल एका शिक्षकाच्या सावलीत वाढते. मधल्या शाळेत आले की तासागणिक शिक्षक बदलतात, अपूर्णांकांच्या पाठोपाठ बीजगणित येते, आणि ज्याचे वाचन कच्चे राहिले आहे त्याला इतिहास व विज्ञान हे विषयही अवघड होऊन बसतात. मागे पडलेले मूल या वयात उघडे पडते आणि आपली फजिती लपविण्यासाठी बहुधा शाळेकडेच पाठ फिरविते. ही गोष्ट आजची नव्हे. १९०९ साली ओहायो राज्यातील कोलंबस शहरात पहिले ‘ज्युनियर हायस्कूल’ निघाले, त्यामागेही, आठवीच्या आसपास शाळा सोडून जाणाऱ्या मुलांना आणखी काही काळ धरून ठेवावे, हा एक हेतू होता. म्हणजे ही मधली पायरी मुळातच निसटत्या मुलांसाठी बांधलेली होती. शतकाच्या अखेरीस मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत हीच पायरी सर्वांत खिळखिळी झालेली दिसू लागली.

अशा वेळी एक जुना शब्द नव्या अर्थाने पुढे आला. तो शब्द म्हणजे ‘चार्टर’, आपल्या भाषेत सनद. सनद म्हटली की आपल्याला इनामे आणि वतने आठवतात. कंपनी सरकारची सनदही आठवते. १८१३ च्या सनदी कायद्यात हिंदुस्थानातील विद्यावृद्धीसाठी वार्षिक एक लाख रुपये बाजूस ठेवण्याचे कलम होते, हे शाळेच्या इतिहासात आपण शिकलो आहोत. सनद म्हणजे अधिकारही आणि त्या अधिकाराबरोबर येणारे उत्तरदायित्वही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रे बड नावाच्या प्राध्यापकांनी हीच कल्पना शिक्षकांना लावून पाहिली. १९७४ साली त्यांनी ती प्रथम मांडली तेव्हा तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९८८ मध्ये तिचे पुस्तक झाले. शिक्षकांच्या एखाद्या गटाला सनद द्यावी, नवी पद्धत आजमावण्याची मोकळीक द्यावी आणि ठरावीक मुदतीनंतर फळ तपासून पाहावे, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते.

त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधील भाषणात ॲल्बर्ट शँकर यांनी या कल्पनेला वजन प्राप्त करून दिले. शँकर हे कोणी भांडवलदार नव्हते किंवा खासगीकरणाचे कैवारीही नव्हते. ते शिक्षकांच्या एका बलाढ्य राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. फळा, व्याख्यान आणि पाठ्यपुस्तक या ठरीव रीतीने ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोचत नाही, त्या मुलांपर्यंत पोचण्याचे मार्ग शिक्षकांनी स्वतः शोधावेत, आणि तेथे जे साधेल ते सामान्य शाळांनी उचलावे, असा त्यांचा विचार होता. सनदी शाळा ही प्रतिस्पर्धी नसावी, प्रयोगशाळा असावी. ही मूळची प्रतिज्ञा लक्षात ठेवावयास हवी. पुढील सगळ्या वादाचे माप तीच आहे. स्वतः शँकर काही वर्षांतच या चळवळीवर नाराज झाले आणि तिचे टीकाकार बनले, हेही येथे सांगितले पाहिजे.

१९९१ साली मिनेसोटा राज्याने या स्वरूपाचा पहिला कायदा केला. पुढल्या वर्षी सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ ही देशातील पहिली सनदी शाळा उघडली. ती अगदी लहान होती, आणि तिचे विद्यार्थी कोण, तर शाळा सोडून गेलेली मुले! प्रयोगाचा पहिला उच्चार असा काठावरून नव्हे, तर काठाच्या बाहेरून झाला.

या शाळेची घडण आपल्याला सर्वस्वी अनोळखी वाटू नये. आपल्याकडील अनुदानित शाळांत पैसा सरकारचा आणि चालविणारी संस्था खासगी, ही रीत जुनीच आहे. अमेरिकेतील सनदी शाळेत तीन गोष्टी मात्र निराळ्या आहेत. एक, तेथे फी घेता येत नाही. दुसरी, जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकून, म्हणजे सोडत काढून, प्रवेश द्यावा लागतो. तिसरी, करार थोड्या वर्षांचा असतो; शाळेने ठरलेले काम केले नाही तर सनद काढून घेता येते आणि शाळा बंद होते. त्याच्या बदल्यात वेळापत्रक, शिक्षकांची निवड आणि अध्यापनाची पद्धत यांत तिला बरीच मोकळीक मिळते.

या मोकळिकीचा उपयोग मधल्या शाळेत कसा झाला, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरातले आहे. माईक फाइनबर्ग आणि डेव्ह लेव्हिन हे दोन तरुण महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडून तेथील गरीब वस्तीत शिक्षक म्हणून आले होते. शिकविण्याची उमेद मोठी, परंतु वर्ग हाती येईना. त्यांना वाट दाखविली ती हॅरिएट बॉल या अनुभवी कृष्णवर्णीय शिक्षिकेने. या बाई पाढे, व्याकरणाचे नियम, भूगोलातील नावे, सारे काही तालावर, टाळ्यांच्या ठेक्यात, सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेत. पावकी-निमकी घोकत मोठ्या झालेल्या आपल्याकडील जुन्या पिढीला याचे नवल वाटणार नाही. मात्र बाईंच्या पद्धतीत घोकंपट्टीहून अधिक असे काही होते: वर्गातील प्रत्येक मूल शिकू शकते आणि त्याने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१९९४ साली या दोघांनी पाचवीच्या मुलांचा एक वर्ग सुरू केला. १९९५ मध्ये त्यातून दोन शाळा झाल्या, एक ह्यूस्टनला आणि एक न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात. ‘किप’ या नावाने या शाळा पुढे देशभर पसरल्या. सकाळी साडेसातला शाळा भरे ती संध्याकाळी पाचला सुटे. शनिवारी काही तास वर्ग असत, उन्हाळ्यात तीन आठवडे असत. रात्री गृहपाठात अडले तर मुलाने थेट शिक्षकाला दूरध्वनी करावा, अशी मुभा होती. शिस्त कडक होती आणि ‘तुम्हांला महाविद्यालयात जावयाचे आहे’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाच्या कानांवर रोज पडे. याच सुमारास न्यूअर्क, न्यू हेवन आणि बोस्टन येथेही अशाच मधल्या शाळा निघाल्या. त्यांचे बहुतेक विद्यार्थी गरीब, कृष्णवर्णीय किंवा स्पॅनिश भाषकांच्या वंशातील होते, आणि पुष्कळसे आपल्या इयत्तेच्या मागे होते.

परीक्षेतील गुण वाढू लागले आणि वाहवा सुरू झाली. परंतु येथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. ज्या आईबापांनी धडपड करून अर्ज भरला, त्यांची मुले कोणत्याही शाळेत थोडी अधिक पुढे गेली नसती कशावरून? शाळेचे श्रेय कोणते आणि घराचे कोणते, हे निवडावे कसे? नवल असे की या प्रश्नाचे उत्तर प्रवेशाच्या नियमातच दडलेले होते. सोडतीत नाव निघालेली मुले आणि न निघालेली मुले, दोघांच्याही घरांनी अर्ज भरलेला असतो. दोघांमधले अंतर केवळ दैवाचे असते. काही वर्षांनी या दोन गटांची तुलना केली की जो फरक उरेल तो शाळेचा.

याच रीतीने संघ सरकारच्या शिक्षण खात्याने करविलेली एक मोठी पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. पंधरा राज्यांतील छत्तीस सनदी मधल्या शाळा तिने तपासल्या. पहिला निष्कर्ष उत्साहावर पाणी टाकणारा होता. सरासरीने पाहता या शाळांनी मुलांचे गुण वाढविले नाहीत आणि घटविलेही नाहीत. वर्तनातही फरक आढळला नाही. पालक मात्र अधिक समाधानी होते. इतकेच वाचून पुष्कळांनी अहवाल मिटला. वास्तविक खरी गोष्ट पुढेच होती. ज्या शाळांत गरीब किंवा आधीपासून मागे पडलेली मुले अधिक होती, त्यांनी गणितात निश्चित प्रगती घडविली. ज्या शाळांत सुस्थितीतील व हुशार मुले अधिक होती, त्यांत गणिताचे गुण उलट घसरले. अधिक आणि उणे मिळून बेरीज शून्याच्या आसपास आली, इतकेच.

मॅसॅच्युसेट्समध्ये केलेल्या अभ्यासांतूनही असेच चित्र निघाले. शहरांतील सनदी शाळांनी, विशेषतः बोस्टनच्या मधल्या शाळांनी, मुलांना झपाट्याने पुढे नेले; शहराबाहेरील, सुखवस्तू वस्तीतील सनदी शाळांना तसे काही साधले नाही. कारण शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. सुखवस्तू मुलाच्या हाताशी चांगली शाळा अगोदरच असते. सनदी शाळा त्याला निराळे काही देते, अधिक काही देते असे नाही. गरीब वस्तीतल्या मुलाने मागे काय सोडले, हे पाहिले की पुढे काय मिळाले याचे मोल कळते. तथापि मोकळीक मिळाली म्हणून प्रत्येक शाळा चांगली झाली असेही नाही. २००९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधन-केंद्राने पंधरा राज्ये आणि राजधानीचे शहर यांतील सनदी शाळांची पाहणी केली. गणितात सतरा टक्के शाळा आसपासच्या शाळांपेक्षा सरस ठरल्या आणि सदतीस टक्के निकृष्ट. उरलेल्यांत फरकच नव्हता. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र सुधारलेले दिसते. सनदी शाळेतील मूल वर्षाकाठी वाचनात सरासरी सोळा दिवसांच्या आणि गणितात सहा दिवसांच्या अभ्यासाइतके पुढे आढळले. सरासरी सुधारली खरी; पण सरासरी म्हणजे कोणतीच एक शाळा नव्हे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की सोडतीसाठी अर्जच न करणारी जी घरे आहेत, खरी काठावरची मुले त्यांचीच; त्यांचे काय? या आक्षेपाची कसोटी बोस्टनमध्येच लागली. २०११ साली साउथ बोस्टनमधील गॅव्हिन ही साधी सरकारी मधली शाळा, निकाल वाईट म्हणून, एका सनदी संस्थेकडे सोपविण्यात आली. तेथे आधीपासून शिकत असलेल्या मुलांना नव्या शाळेत जागा राखून ठेवली होती. त्यांना अर्ज करावा लागला नाही, चिठ्ठीत नाव निघावे लागले नाही. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्यांची प्रगती तपासली तेव्हा ती सोडतीने आलेल्या मुलांच्या तोडीची निघाली. केवळ धडपड्या घरांच्या जोरावर या शाळा चालतात, हे म्हणणे निदान तेथे तरी टिकले नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा आहे आणि तो इतक्या सहजासहजी बाजूस सारता येत नाही. मधल्या सुटीत गप्प राहावयाचे, रांगेत चालावयाचे, लहानशा चुकीसाठी शिक्षा भोगावयाची आणि प्रसंगी काही दिवस शाळेबाहेर बसावयाचे, असे वळण यांपैकी कित्येक शाळांनी लावून घेतले होते. शिकविणारे पुष्कळसे गोरे तरुण आणि शिस्तीखाली वाकणारी मुले कृष्णवर्णीय, हे दृश्य अनेकांना खुपले. ज्याला आधीच शाळा परकी वाटते त्या मुलाला शिक्षेने बाहेर बसविणे म्हणजे त्याला काठाकडेच ढकलणे होय. ही टीका वाढत गेली. २०२० साली ‘किप’ने ‘कष्ट करा, चांगले वागा’ या अर्थाचे आपले जुने घोषवाक्य स्वतःहून मागे घेतले. घोषवाक्य बदलले म्हणजे वर्ग बदलला असे नव्हे; पण टीकेत तथ्य आहे, एवढे संस्थेने त्यातून मान्य केले.

तिसरा प्रश्न पैशाचा. मूल सनदी शाळेत गेले की त्याच्या वाट्याच्या निधीचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. मागे राहिलेल्या शाळेची इमारत तेवढीच, वर्ग तेवढेच, खर्चही जवळपास तेवढाच. उत्पन्न मात्र कमी. मग तेथे राहिलेल्या काठावरच्या मुलांना कोणी विचारावे? २०१६ साली कृष्णवर्णीय नागरिकांच्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय संघटनेने नव्या सनदी शाळांना तूर्त स्थगिती द्यावी असा ठराव केला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये, जेथे या शाळांचे निष्कर्ष सर्वांत उजवे होते तेथेच, त्यांची संख्या वाढविण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि सुमारे बासष्ट टक्के मतदारांनी तो फेटाळला. काही मुलांचे भले झाले हे मान्य करूनही उरलेल्यांची चिंता लोकांना वाटली. तिला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न काळाचा आहे. आठवीत मिळविलेले गुण अठराव्या वर्षी, बाविसाव्या वर्षी कोठे असतात? ‘किप’च्या त्रेचाळीस मधल्या शाळांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत तेथील मुले गणितात सुमारे अकरा महिन्यांच्या आणि वाचनात आठ महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे गेली होती. ही कामगिरी लहान नव्हे. तरीही संस्थेने २०११ मध्ये स्वतःच मांडलेला हिशोब असा होता की दहा किंवा अधिक वर्षांपूर्वी आठवी पूर्ण केलेल्या तिच्या मुलांपैकी तेहतीस टक्क्यांनीच चार वर्षांची पदवी पुरी केली. देशातील गरीब घरच्या मुलांत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे प्रगती चौपट. पण ज्या वर्गात प्रत्येकाला महाविद्यालयाचे स्वप्न दाखविले होते, त्या वर्गातील तीनांपैकी दोघे वाटेतच थांबले. २०१९ मध्ये २०१० च्या त्या पाहणीतील मुलांचा पुन्हा माग काढण्यात आला. सरासरीने त्यांच्या महाविद्यालयीन प्रवेशात किंवा पदवीत काही फरक आढळला नाही. त्याहून बोलकी गोष्ट ही, की ज्या शाळांनी परीक्षेचे गुण वाढविले होते त्यांची मुलेही या बाबतीत विशेष पुढे नव्हती.

येथेच थांबलो तर निराशा पदरी येईल. परंतु २०२३ च्या आणखी एका अभ्यासाने या कोड्याची एक बाजू उलगडली. ‘किप’ची केवळ मधली शाळा करून बाहेर पडलेल्यांत दीर्घकालीन फरक थोडाच दिसला, मधली शाळा आणि त्यानंतर त्याच संस्थेचे हायस्कूल असा सलग प्रवास केलेल्यांत पदवीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ एकोणीस टक्केबिंदूंनी अधिक निघाले. चौदाव्या वर्षी सोडलेला हात आणि अठराव्या वर्षापर्यंत धरलेला हात यांतले हे अंतर आहे. रोपाला तीन वर्षे पाणी घालून चौथ्या वर्षी उन्हात सोडले तर दोष मातीला देता येत नाही.

शँकरांची प्रतिज्ञा आता पुन्हा आठवू. प्रयोगशाळेत जे साधले ते सामान्य शाळेत नेता आले काय? हा प्रयत्न २०१० मध्ये ह्यूस्टनमध्येच झाला. अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांच्या देखरेखीखाली शहरातील निकालात तळाशी असलेल्या नऊ सरकारी शाळांत, त्यांत पाच मधल्या शाळा होत्या, सनदी शाळांच्या पाच रीती नेण्यात आल्या: अधिक वेळ, निवडक मुख्याध्यापक व शिक्षक, वारंवार चाचणी घेऊन अध्यापनात बदल, प्रत्येक मुलाकडून मोठी अपेक्षा, आणि ठरावीक इयत्तांत गणितासाठी दोन मुलांमागे एक शिकविणारा. सनद नव्हती, सोडत नव्हती, मूल त्याच वस्तीतले आणि शाळाही तीच. गणितात लक्षणीय प्रगती झाली. वाचनात मात्र फारशी नाही. वाचनाची मुळे घरच्या भाषेत आणि बालपणात खोल गेलेली असतात. एका-दोन वर्षांच्या जादा तासांनी ती सहजी हलत नाहीत, असे यावरून म्हणावेसे वाटते.

२०२१-२२ या शालेय वर्षात अमेरिकेत सुमारे सदतीस लक्ष मुले सनदी शाळांत होती. एवढ्या मोठ्या पसाऱ्याविषयी एका शब्दात निकाल देणे धाडसाचे होईल. तरी इतिहास काही गोष्टी निःसंशय सांगतो. या शाळांनी सर्वांत अधिक दिले ते ज्याच्यापाशी सर्वांत कमी होते त्या मुलाला. ज्याच्यापाशी पुरेसे होते त्याला त्यांनी फारसे काही दिले नाही. जे दिले ते सनदेच्या कागदाने नव्हे, तर अधिक तासांनी, जवळ बसून शिकविणाऱ्या माणसाने आणि मुलाविषयीच्या विश्वासाने दिले. यांपैकी कोणतीही गोष्ट सनदेविना अशक्य नाही. फुकट मात्र कोणतीच होत नाही. त्यामुळे सनदी शाळा हवी की नको, या वादापेक्षा मोठा प्रश्न सामान्य शाळेपुढे शिल्लक राहतो. काठावरच्या मुलाजवळ बसावयास तिच्यापाशी माणूस आहे काय, आणि चौदाव्या वर्षानंतरही तो त्याच्याजवळ राहणार आहे काय? प्रत्येक शाळेला आपापल्या हजेरीपटाकडे पाहून याचे उत्तर देता येण्यासारखे आहे.